दोन बोटं डावीकडे

तेल्हाऱ्याच्या आमच्या घरी कोठ्याच्या आढ्याला एक छकडा टांगलेला आहे. चाकं काढून भिंतीशी उभी केलेली, सांगाडा वर, आणि धुरी तिरपी होऊन दाराकडे रोखलेली. कोठ्यात आता बैल नाहीत. फवारणीचा पंप आहे, सोयाबीनची पोती आहेत, ठिबकच्या नळ्यांची वेटोळी आहेत. या सगळ्यांच्या डोक्यावर तो, दार उघडलं की निघायच्या तयारीत. उभं राहणं त्याला कधीच जमलं नाही.

माझ्या लहानपणी घरी तीन गाड्या होत्या. बंडी ही घरातली कर्ती बाई. शेणखत तिने न्यायचं, कडबा तिने आणायचा, कापूस वेचून झाला की जिनाच्या फाटकापुढे रात्र रात्र तिनेच रांगेत थांबायचं. दमणी ही माहेरवाशीण. वर कमान, आत गादी, बैलांच्या गळ्यात घुंगरमाळा; शेगावला गजानन महाराजांच्या दर्शनाला जायचं असलं की ती निघायची. आणि छकडा हा शेंडेफळ. त्याच्यावर एक पोतं ठेवू म्हटलं तर जागा नाही. अंबाडीच्या दोरीने विणलेली हातभर बैठक, तीही एका माणसापुरती. वर्षातले नऊ-दहा महिने तो काहीच करायचा नाही. पौष लागला की मात्र सगळ्या घराचा जीव त्याच्यात अडकायचा, कारण पौषापासून पटाचे दिवस सुरू व्हायचे.

पट म्हणजे शंकरपट. पुण्याकडे खेड-जुन्नरच्या घाटात बैलगाडा पळतो तेव्हा गाड्यावर माणूस नसतो आणि पुढे घोडी धावते. आमच्या विदर्भात बैल दोनच, आणि त्यांच्या मागे, जमिनीपासून हात-दीड हातावर, धुरकरी. कुठे दोन जोड्या शेजारी शेजारी सोडतात, कुठे एकेक जोडी घड्याळावर पळवतात. खेळ काही सेकंदांचा. चहाचा घोट घ्यायला मान वळवली तर चुकतो. त्या काही सेकंदांसाठी माणसं चाळीस-पन्नास मैलांवरून बैल चालवत आणायची, रात्री पटाच्या गावी मुक्काम करायची, आणि हरली तर त्याच वाटेने तशीच चालत परत जायची. ते येणं-जाणं मी पाहिलं आहे. त्या वाटेवरच्या माणसांची आणि बैलांची नावं कोणी लिहून ठेवली नाहीत, ही माझी जुनी खंत. हा छकडा हाच माझ्याकडे असलेला एकुलता कागद.

तो वाचायचा तर आधी लाकडं ओळखावी लागतात. उत्तरेला सातपुडा इतका जवळ, की सकाळी तेल्हाऱ्यातून त्याची निळी कड स्वच्छ दिसते. छकड्याचं बरंचसं अंग तिथल्या झाडांचं. आख धावड्याचा, धावडा चिवट, वाकतो पण मोडत नाही. धुरी तिवसाची. तुंबा आणि पुठ्ठे आमच्याच धुऱ्यावरच्या बाभळीचे. बैठकीच्या कडा बांबूच्या. बंडीचा आरा मनगटाएवढा जाड असतो. छकड्याचे आरे सुताराने तासून तासून अंगठ्याएवढे केलेले. कुठे थांबायचं हे त्या तासण्यात कळावं लागतं. आणखी दोन वेळा रंधा फिरला असता तर चाक पहिल्याच पटात बसलं असतं, आणि दोन वेळा कमी फिरला असता तर छकडा जड झाला असता. तो सुतार आमच्या गावचा होता. छकडा पूर्ण झाल्यावर त्याने तो एका हाताने उचलून दाखवला, असं आजी सांगायची.

चाकावर लोखंडी धाव चढवताना मी स्वतः पाहिलं. गोवऱ्यांच्या आगीत ती कडी लाल होईपर्यंत तापवायची. तापली की ती फुगते. मग दोघांनी दोन बाजूंनी सांडशीने धरून लाकडी चाकावर घालायची आणि लगेच पाणी ओतायचं. धूर, वाफ, बाभळीच्या जळक्या सालीचा वास. आणि कडी आवळते तसा लाकडातून येणारा आवाज. सगळे सांधे एकाच वेळी घट्ट बसल्याचा तो आवाज. त्या क्षणी चाक जन्माला यायचं.

छकड्याचा आवाज ही त्याची ओळख होती. आखाच्या टोकावर तुंबा थोडा सैल ठेवायचा, म्हणजे वेगात चाक आत-बाहेर सरकतं आणि ठक-ठक असा ठेका धरतं. एरंडेलाचं वंगण किती घातलं यावर तो ठेका बदलायचा. आजी चुलीपाशी बसून सांगायची, छकडा कुठवर आला, आणि बैल मनापासून पळताहेत की मारून पळवले जाताहेत. मनापासून पळाले तर ठेका एकसारखा. मारलं तर तुटक.

त्याच्या स्वभावातला दुसरा भाग म्हणजे त्याचा तोल. दोन चाकांची गाडी ही तागडी असते. माणूस पुढे सरकला तर ओझं बैलांच्या खांद्यावर, मागे सरकला तर उलाळ, आणि जू उचलून गळ्यातली जोती आवळायला लागतात. बंडी हे सगळं सहन करते. तिचं वजनच तिला सांभाळतं. छकड्याला वितीचाही फरक चालत नाही. माझ्या आजोबांना, आबांना, तो कधी मानवला नाही. त्यांचं अंग भारी होतं आणि हात घाईचे होते. तो मानवला फक्त नानांना.

नाना आमच्याकडे सालदार होते. गुढीपाडव्याला साल ठरायचं, पुढच्या गुढीपाडव्याला संपायचं, आणि पुन्हा तेच ठरायचं. अशी बावीस सालं. अंगाने काटकुळे, दाढीचे खुंट पांढरे. कधी मोठ्याने बोलायचे नाहीत. मजुरीची कामं सगळी करायचे, पण घरातला त्यांचा खरा हुद्दा संध्याकाळी कळायचा. ते कोठ्यात शिरले की बैल उठून उभे राहायचे.

जोडी होती राजा आणि बांड्या. राजा गवळाऊ, वर्धेकडून आर्वीच्या बाजूने आणलेला. पांढरा शुभ्र, लांब तोंडाचा, निमुळत्या पायांचा. गवळाऊ ही चालीची जात. मराठा फौजांचं सामान वेगाने नेण्यासाठी ती जोपासली गेली असं सांगतात, आणि वर्धा जिल्ह्यात हेटीकुंडीला तिच्या पैदाशीचं सरकारी केंद्र आहे. राजा उभा असला तरी माणसं थांबून बघायची. बांड्या आमच्याच गायीचा. इंग्रजी अमलातल्या गॅझेटियरांत वऱ्हाडी बैलाचे दोन प्रकार नोंदले आहेत, मोठा खामगावी आणि लहान उमरडा. बांड्या त्या उमरड्याच्या वळणाचा असणार. ठेंगणा, पाठ थोडी खोलगट, शेपटीचा गोंडा अर्धा पांढरा म्हणून बांड्या. राजा उजवीकडे, बांड्या डावीकडे. सात वर्षं ही जागा बदलली नाही. कोठ्यातही ते त्याच बाजूंनी बांधले जायचे, गौतमा नदीवर पाणी पाजायलाही त्याच बाजूंनी जायचे. नाना म्हणायचे, "जोडीची सवय मोडली की जोडी मोडली."

गोऱ्हा दोनदाती झाला की त्याला नदीच्या वाळूत चालवायला सुरुवात करायची. हिवाळ्यात गौतमेचं पात्र बहुतेक कोरडं असतं. वाळूत पाय रुततो, उचलायला जोर लागतो, पण ठेच लागत नाही आणि खूर फुटत नाही. महिनाभर नुसतं चालणं. मग मोकळ्या जुवाखाली चालणं. मग छकडा, पण रिकामा. चारदाती होईपर्यंत नाना बैलाला पूर्ण वेगाने पळू द्यायचे नाहीत. तिकडे मालक मंडळी अधीर व्हायची, आबासुद्धा. नाना ऐकून घ्यायचे आणि आपल्याच गतीने चालायचे.

खाण्याचे त्यांचे नियम साधे होते. ज्वारीचा कडबा, तुरीचं कुटार, भिजवलेली सरकी, आणि पटाच्या महिन्यात थोडा गूळ. कोणी बैलांना अंडी, तूप, आणखी काय काय चारायचे. नाना म्हणायचे, "बैलाचं पोट जड केलं का पाय जड होतात."

पण त्यांची खरी विद्या वेगळीच होती. आमचं एक वावर हिवरखेडच्या रस्त्याला होतं. सकाळी जोडी तिकडे न्यायची ती अगदी सावकाश. नाना छकड्यात बसायचेही नाहीत, बाजूने चालायचे. दिवसभर बैल तिथे झाडाखाली. संध्याकाळी परत निघताना मात्र ते बैठकीवर बसायचे, कासरे सैल सोडायचे, आणि बैल सुटायचे. घराकडे. गव्हाणीकडे. रोज तेच. महिन्याभरात बैलांच्या मनात पक्कं बसायचं, की छकडा जुंपून माणूस वर बसला म्हणजे घरी जायचं आहे.

"पटाचा बैल तुतारीनं पयत नाई, बापू," ते मला म्हणाले होते. "थो घराच्या ओढीनं पयते. तुतारीनं पयते थो भेवानं पयते, अन् भेलेला बैल सरका जात नाई." तुतारी म्हणजे बैल हाकायची टोकदार काठी.

मग पटाच्या गावी घर कुठून आणायचं? त्यावर नानांनी तोड काढली होती. पट जिथे संपतो त्या टोकाला, गर्दीच्या थोडं पलीकडे, माझी आजी उभी राहायची. अंगावर रोजचं लुगडं, हातात रोजची सरकीची बादली. ती बादलीच्या कडीने दोनदा आवाज करायची, तसाच, जसा रोज संध्याकाळी करायची. हजारो माणसांच्या आरोळ्यांतून तो आवाज बैलांना ऐकू जायचा. त्या काळी घरंदाज बाईने पटावर उभं राहणं बऱ्याच जणांना पटत नव्हतं. नानांनी आबांना एवढंच सांगितलं, "मालक, माय आल्या तर बैल पयतीन." पुढे कितीतरी वर्षांनी अमरावती जिल्ह्यात तळेगाव दशासरच्या पटात बायका स्वतः कासरे धरून जोड्या हाकताना मी पाहिल्या, तेव्हा मला त्या टोकाला बादली घेऊन उभी असलेली आजी दिसली. तिलाही हाकता आलं असतं. कोणी विचारलं नाही.

नाना पटावर तुतारी न्यायचे नाहीत. हे मी मुद्दाम लिहितो, कारण पटाबद्दल लिहिताना मार झाकून ठेवणं मला बरोबर वाटत नाही. आर लावलेली तुतारी बैलाच्या मांडीत खुपसलेली मी पाहिली आहे. शेपूट दातांनी चावणारा धुरकरी पाहिला आहे. दारू पाजलेला बैल पाहिला आहे, आणि पट संपल्यावर त्याच्या मांडीवरून ओघळलेलं रक्त शेणाने लिंपणारा माणूसही. पुढे हा खेळ बंद झाला तेव्हा खेड्याखेड्यांतून राग व्यक्त झाला. मलाही वाईट वाटलं. तरी तो निर्णय हवेतून आलेला नव्हता.

माझ्या आठवणीतला सर्वांत मोठा पट बहात्तरच्या दुष्काळाआधीचा. पूर्णेकडच्या खारपाणपट्ट्यातलं एक गाव, काळी जमीन. काळ्या जमिनीवर पट धरायचा म्हणजे आधी पंधरा दिवस ती दाबून, पाणी शिंपून, पुन्हा दाबून कठीण करावी लागते. नाहीतर चाक रुततं. आदल्या संध्याकाळी नानांनी जोडी पटाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू चालवत नेली. बांड्या मधे एका जागी थांबला आणि त्याने जमीन हुंगली. नाना वाकले, त्यांनी हाताने चाचपलं. तिथे जमीन पोकळ होती, खाली भेग होती. दुसऱ्या दिवशी दोन जोड्या त्याच जागी बिचकल्या. आमची जोडी गेली तेव्हा बांड्याने ती जागा अर्ध्या हाताने टाळली, राजाला आपल्याबरोबर घेतलं, आणि छकड्याचा ठेका तुटला नाही. मी आजीच्या शेजारी उभा होतो. ठक-ठक-ठक जवळ येत गेलं. राजाची पांढरी मान पुढे ताणलेली, त्याच्या पलीकडे बांड्या दिसतच नव्हता.

पहिला नंबर आला. बक्षीस म्हणून पितळेचा मोठा गुंड मिळाला, त्याच्यावर आबांचं नाव कोरलेलं. नानांना फेटा बांधला. राजाच्या गळ्यात हार घातले, लोकांनी त्याच्या पाठीवर हात फिरवले, त्याच्या शिंगांना गुलाल लागला. बांड्याला नानांनी स्वतः गुळाचा खडा दिला. गुंड अजून घरात आहे. आबांचं नाव त्याच्यावर स्पष्ट वाचता येतं.

मग दुष्काळ आला. कडबा मिळेना. नाना सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत जाऊन पाला आणायचे, बंडीतून नाही, डोक्यावर, कारण बंडी ओढायची ताकद बैलांत उरली नव्हती. दोन्ही बैल जगले. घर मात्र कर्जात गेलं. वर्ष-दीड वर्षाने एक मोठा बागायतदार राजाला विकत घ्यायला आला. त्याने सांगितलेली किंमत ऐकून आबा बराच वेळ गप्प बसले. नाना दारात उभे होते. ते एकदाच बोलले.

"जोडी फोडू नोका, मालक. नेता त दोघंबी न्या."

तो पाहुणा हसला. "त्या ठेंगण्याले नेऊन काय करू?"

राजा गेला. दोन वर्षं तो त्या बागायतदाराकडे पळाला, एकाहून एक देखण्या बैलांबरोबर जुंपून. कुठेच नंबर आला नाही. लोक म्हणाले, दुष्काळात बैल आतून मोडला. कोणी म्हणाले नजर लागली. बांड्या आमच्याकडे डवऱ्याला, वखराला चालत राहिला आणि म्हातारा होऊन कोठ्यातच गेला. वावरातल्या निंबाखाली त्याला पुरलं. छकडा त्याच वर्षी आढ्याला गेला. दोन-तीन सालांनी नानाही थकले आणि आपल्या गावी परतले.

एक गोष्ट मी लहानपणी पाहिली होती, पण तिचा अर्थ लागला नव्हता. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांचे खांदे मळतात. तूप आणि हळद कोमट करून खांद्यावर चोळायची आणि बैलाला म्हणायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवायले या. राजाच्या खांद्यावर नानांचे दोन-चार हात फिरायचे. बांड्याच्या खांद्यावर ते कितीतरी वेळ चोळत बसायचे. तिथलं कातडं घट्ट, काळं आणि रेघा पडलेलं होतं. मला वाटायचं, गावरान बैलाचं कातडं असंच असतं.

सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ ला जल्लीकट्टूबरोबर महाराष्ट्रातल्या बैलांच्या शर्यतीही थांबवल्या. त्याआधी, ११ जुलै २०११ ला, केंद्र सरकारने खेळासाठी वापरायला बंदी असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैलाचं नाव घातलं होतं. २०१७ मध्ये राज्याने स्वतःचा कायदा केला, तो उच्च न्यायालयात अडला. १६ डिसेंबर २०२१ ला पुन्हा परवानगी मिळाली, आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो कायदा टिकवला. आता चाबूक नाही, काठी नाही, आर नाही, आणि अंतर जास्तीत जास्त एक हजार मीटर. नाना असते तर त्यांना यातला एकही नियम नवा वाटला नसता.

परवानगी आली त्याच हिवाळ्यात नात्यातला एक मुलगा माझ्याकडे आला. चांगला शिकलेला, बैलांचं वेड असलेला. त्याला छकडा बघायचा होता. हल्लीचे छकडे मी पाहिले आहेत, लोखंडी नळीचे, बेअरिंगवर फिरणारे. ते हलके आहेत आणि वेगवान आहेत, पण त्यांना ठेका नाही. गाडी बदलली की वेळ बदलते, हे मात्र खरं. अमेरिकेत घोड्यांच्या मागे अशीच दोन चाकांची, एका माणसाची गाडी जोडून दुडक्या चालीच्या शर्यती होतात. तिला सल्की म्हणतात. १८९१ मध्ये सुनॉल नावाच्या घोडीने उंच चाकांची सल्की ओढत मैल २ मिनिटं सव्वाआठ सेकंदांत काढला होता. पुढच्याच वर्षी सल्कीला सायकलीसारखी हवेची लहान चाकं बसली आणि नॅन्सी हँक्स या घोडीने तोच मैल २ मिनिटं ४ सेकंदांत काढला. एका वर्षात सव्वाचार सेकंद. घोडीचं नाव राहिलं, तिच्या बड डोबल या चालकाचंही राहिलं. ती चाकं मात्र नॅन्सीच्या सव्वाचार सेकंदांत मुकाट्याने जमा झाली. हे वाचलं तेव्हा मला आमचा सुतार आठवला.

आम्ही दोघांनी छकडा खाली उतरवला. दोरी कुजली होती, बैठक हाताला लागताच सुटली. लाकूड मात्र खणखणीत. त्या मुलाने जू हातात घेतलं, फिरवून पाहिलं, आणि म्हणाला, "काका, हे तर चुकीचं केलेलं आहे. खाच मधे नाही."

जू धुरीला नाड्याने बांधतात. बांधायच्या जागी जुवावर खाच असते. ती नेहमी मध्यावर. नानांच्या काळात तिथे अंबाडीच्या नाड्याचे इतके रुंद वेढे असायचे, की खाच दिसायचीच नाही. आता नाडा गेला होता आणि लाकूड उघडं पडलं होतं. मध्यावर सुताराने केलेली जुनी खाच होती, जवळजवळ न वापरलेली. तिच्या शेजारी, दोन बोटं डावीकडे, दुसरी खाच. ती सुताराची नव्हती. विळ्याने, हळूहळू, हाताने कोरलेली होती, आणि वर्षानुवर्षांच्या घासण्याने तिच्या कडा गुळगुळीत झाल्या होत्या.

मी टेप आणली. डाव्या बैलाच्या मानेपासून उजव्याच्या मानेपर्यंत १२० सेंटिमीटर. नानांची खाच मध्यापासून ४ सेंटिमीटर बांड्याच्या बाजूला. म्हणजे बांड्याच्या बाजूची लांबी ५६, राजाच्या बाजूची ६४. जू हीही तागडीच आहे. ज्याची बाजू आखूड, त्याच्यावर ओढ जास्त. वखराला एक बैल जोरकस आणि एक कमजोर असला की शेतकरी नाडा असाच सरकवतात, जोरकसाकडे. कागदावर हिशोब केला तर शंभरातला ५३ भार बांड्याच्या मानेवर, ४७ राजाच्या. सहाचा फरक. पटावर बैल अर्ध्या नाकाने हरतात. तिथे सहा फार मोठे.

मी तिथेच, जमिनीवर, जू मांडीवर घेऊन बसलो. सात वर्षं नानांना माहीत होतं की जोडीत जोरकस कोण आहे. त्यांनी राजाला हलकं ठेवलं, कारण वेग राजाकडे होता. आणि त्या वेगाच्या वाटणीचं ओझं बांड्याला दिलं, कारण ते पेलायची ताकद फक्त त्याच्याकडे होती. बांड्या सरळ राहिला म्हणून राजाला नुसतं पळायचं तेवढं काम उरलं. बागायतदाराच्या घरी जू मध्यावर बांधलेलं असणार. त्याला काय माहीत? राजा दुष्काळात मोडला नव्हता, नजरही लागली नव्हती. त्याच्या मानेवर पहिल्यांदा त्याच्या वाट्याचं पूर्ण ओझं आलं होतं, आणि शेजारी बांड्या नव्हता. यात राजाचा दोष नाही. तो चांगलाच बैल होता. त्याला हार घालणाऱ्यांनी त्याच्या पलीकडे वाकून पाहिलं नाही, एवढंच.

नानांनी हे कोणाला का सांगितलं नाही, हे मी तेव्हापासून बरेचदा मनात घोळवलं. जोडी फोडू नका, असं त्यांनी त्या पाहुण्याला सांगितलंच होतं. त्याहून जास्त बोलायची सालदाराला सवय नसते. शिवाय बोलले असते तरी तो देखणा पांढरा बैल समोर उभा असताना कोणी विश्वास ठेवला असता असं मला वाटत नाही. त्यांनी जे सांगायचं ते खाचेत सांगून ठेवलं होतं. आणि पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी, हळदीच्या हाताने.

त्या मुलाला छकडा पोळ्याच्या मिरवणुकीसाठी हवा होता, रंगवून. मी नाही म्हणालो नाही. पण जू दिलं नाही. त्याने नवं जू करून घेतलं. मिरवणूक झाल्यावर छकडा परत आला, लाल-हिरव्या पट्ट्यांसह, आणि पुन्हा आढ्याला गेला. जू मी त्याच्या शेजारी वेगळं टांगलं आहे, नव्या नाड्याने, पण नानांच्या खाचेतून. उजवी बाजू लांब आहे, म्हणून ती खाली झुकते. बांड्याची बाजू वर राहते.